ज्या दाराला स्प्रिंगच नाही

बिलाच्या तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'दरवाजा स्प्रिंग, 2 नग'. त्याखाली, 'स्प्रिंग कम्प्रेसरने फिटिंग, मजुरी'. गाडी टाटा सुमो. सुमोचं दार उघडून बिजागरीपाशी डोकं घालायची वेळ ज्यांच्यावर आली असेल, ते इथेच हसले असतील. बाकीच्यांसाठी हा खटाटोप.

दार का लटकलं हे वेगळं सांगायला नको. काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यात जा-ये करणारी गाडी, आत नेहमी मावतील त्याहून दोन जास्त, आणि चढणारा प्रत्येक जण दाराला लोंबकळून चढणार. ड्रायव्हरकडचं दार उचलून लावल्याशिवाय लागेना. त्यात गाडीला पंधरा वर्षं भरत आलेली. खासगी चारचाकीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झाली आहे. एवढे भरून दारापायी गाडी परत आली तर? म्हणून आधी दार धडधाकट करून घ्यायचं ठरवलं.

गॅरेजवाल्याचं नाव लिहीत नाही. रिंग रोडवर त्याची पाटी मोठी आहे, एवढं पुरे. मी पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारलं, "बिजागरीचे बुश पाहिले का? पिन झिजली असेल." यावर त्यानं हसून मोबाइल काढला. "काकाजी, तो जुना जमाना गेला. आता असं करतात पाहा." व्हिडिओत एक गोरा माणूस दाराच्या बिजागरीत बसलेली जाडजूड स्प्रिंग एका हत्यारानं दाबून अलगद बाहेर काढत होता. व्हिडिओ खरा होता, त्याबद्दल वाद नाही. मग त्यानं टेबलावरचं एक हत्यार दाखवलं. दोन लांब आट्यांचे दांडे, त्यांना आकडे. "हेच ते, स्प्रिंग कम्प्रेसर."

ते हत्यार शॉकअपच्या स्प्रिंगचं होतं. मारुती 800 सारख्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना जो स्ट्रट असतो, त्याची स्प्रिंग दाबायचं. हातभर लांब. दाराच्या फटीत ते शिरणार कुठून, हे मी विचारलं. उत्तर आलं, "ते आमच्यावर सोडा ना जी."

गाडी मिळाली तेव्हा दार खरोखरच छान लागत होतं. जुन्या स्प्रिंगा मागितल्या तर "भंगारात गेल्या." पुढे थोड्याच दिवसांत दार खडखडायला लागलं, आउटर रिंग रोडला वेग घेतला की वरच्या कोपऱ्यातून शीळ वाजायची, आणि पहिल्या दमदार पावसात माझा उजवा गुडघा भिजला. पुन्हा गेलो तर साहेबांचा सूर बदललेला. "इतकी जुनी गाडी, काकाजी, दार लटकणारच. कायले एवढं मनाला लावून घेता?" सोबत आलेल्या भाच्याकडे बघून तो वर हेही म्हणाला, "यांना नवी गाडी घेऊन द्या." पैसे घेताना गाडी जुनी नव्हती.

शेवटी वाडीला ट्रकच्या केबिनची कामं करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी व्हिडिओ वगैरे काही दाखवला नाही. दार अर्धं उघडलं, खालच्या मागच्या कोपऱ्याला हात घालून वर उचललं, सोडलं, पुन्हा उचललं. मला म्हणाले, "दाराकडे नका पाहू, इथं पाहा," आणि टॉर्च वरच्या बिजागरीवर धरला. दार उचललं की बिजागरीची दोन पानं एकमेकांवर सरकत होती, चांगली दिसण्याइतकी, आणि पिनेभोवती गंजाची तांबूस भुकटी साचलेली. मी स्प्रिंगचं बिल पुढे केलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, टॉर्च आधी वरच्या बिजागरीवर, मग खालच्या बिजागरीवर फिरवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "स्प्रिंग कुठाय जी?"

कुठेच नव्हती. कधीच नव्हती. दाराला उघडं धरणारी जी पट्टी असते, जिला स्टॉपर म्हणतात, ती वेगळी. तिच्या डबीत रबर किंवा बोटभर स्प्रिंग असू शकते, पण त्या डबीचा दाराचं वजन पेलण्याशी काही संबंध नाही आणि तिला दाबायला आकड्यांचं हत्यार लागत नाही. आमच्या बिलबहाद्दरानं प्रत्यक्षात काय केलं होतं तेही त्या टॉर्चनंच दाखवलं. मधल्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे लॉक जिच्यात अडकतं ती कडी, त्यानं खाली सरकवली होती. जुन्या जागेचा स्वच्छ रंगाचा चौकोन वर तसाच उघडा दिसत होता. दार लटकलं तर लटकू दे, कडीच खाली घ्या! दार लागतं, गिऱ्हाईक खूश. पण लटकलेलं दार खालीच राहतं, वरचं रबर टेकत नाही, लॉकवर नको तो भार येतो, आणि भर रस्त्यात वळणावर दार उघडलं तर जबाबदार कोण?

बरं, व्हिडिओतली स्प्रिंग कुठली, हेही शोधून काढलं. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांना, उदाहरणार्थ 1982 ते 2004 या काळातल्या शेव्हरोले एस-10 पिकअपला, दार उघडं थांबवायची सोय बिजागरीतच केलेली असते. जोरकस गुंडाळीची स्प्रिंग दोन पानांमध्ये दाबून बसवलेली. तिथे बुश बदलायचे तर आधी ती स्प्रिंग काढावी लागते आणि त्यासाठी मुठीएवढा खास कम्प्रेसर मिळतो. त्याचे दोन जबडे स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे, मधला बोल्ट हळूहळू आवळायचा, स्प्रिंग आखडली की सुटते. म्हणजे तिथेही खरं काम बुश आणि पिनेचंच. कम्प्रेसर फक्त वाट मोकळी करतो. ती पिकअप आपल्याकडे कधी विकायलाच आली नाही. कुणाकडे अशी बाहेरून आणलेली जुनी गाडी असेलच, तर ती स्प्रिंग स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका. हत्यार लावा, वर जाड गोणपाट टाका, डोळ्यांवर चष्मा चढवा. सुटलेली स्प्रिंग डोळा घेऊन जाते. शॉकअपच्या स्प्रिंगचं तर त्याहून वाईट. तिचे आकडे समोरासमोर लावायचे, दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे, आणि हवेची गन अजिबात लावायची नाही. तारेनं बांधून ती स्प्रिंग खोलणारे महाभाग पाहिलेत मी. त्यांच्या दुकानात उभंसुद्धा राहू नका.

आता दाराचं. दार दोन बिजागऱ्यांवर टांगलेलं असतं. वरची खांबापासून बाहेर ओढली जाते, खालची खांबात दाबली जाते. समजा दोन्हींत अंतर 40 सेंटिमीटर आणि दाराची रुंदी एक मीटर. पिनेत एक मिलिमीटर ढिलाई आली तर मागचं टोक अडीच मिलिमीटर खाली येतं. लॉक न बसायला एवढं पुरतं. म्हणून तपासणी मिस्त्रींनी केली तशीच करा. अर्धं दार, मागून उचलायचं, नजर बिजागरीवर. पानं एकमेकांवर सरकली तर दोष पिन-बुशात. बिजागरी आख्खी खांबासकट हलली तर बोल्ट ढिले किंवा खांबाचा पत्रा चिरलेला. चिरलेला असेल तर आधी वेल्डिंग, मग बाकीचं. काहीच हललं नाही आणि तरी दार लागत नसेल, तेव्हाच स्ट्रायकरकडे वळायचं. हा क्रम उलटा करणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

वाडीच्या मिस्त्रींचं काम मी उभा राहून पाहिलं. काच खाली घेतली. दारात जाणाऱ्या वायरिंगचं कनेक्टर सोडवलं, नाहीतर दार सुटताना वायर ताणून तुटते. जॅकवर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर जुनी सतरंजी, त्यावर दाराचा भार. बोल्ट सोडण्याआधी बिजागरीभोवती मार्करनं रेघ ओढली, म्हणजे परत बसवताना जागा चुकत नाही. आणि एका वेळी एकच बिजागरी. ठोकून काढलेली वरची पिन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. एका बाजूनं खाल्लेली, मध्ये नख अडकेल असा खड्डा, दुसरी बाजू मात्र नव्यासारखी गोल. बुश तर नावालाच उरला होता, कडेला अंड्याच्या टरफलाएवढा पातळ पत्रा. शेजारच्या लेथवर भोक समान करून पितळी बुश घातले, नवी पिन बसवली, थोडं ग्रीस लावलं. स्ट्रायकर पुन्हा जुन्या चौकोनावर नेला तेव्हा लॉक एका बोटाच्या जोरावर 'खट्' करून बसलं. त्या आवाजाला मी किती पैसे दिले होते आणि कुणाला, याचा हिशेब मनात झालाच.

काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा, जुना माल मला हवा. लटकलेल्या दाराचं काम असेल तर आधी आणि नंतर स्ट्रायकरचा फोटो काढून ठेवा. मी म्हणतो म्हणून नव्हे, पण तो रंगाचा चौकोन हा सगळ्यात बोलका पुरावा असतो. पक्कं बिल घ्या, त्यात भागाचं नाव लिहून घ्या. आमच्याकडच्यानं स्वतःच्या हातानं 'स्प्रिंग' लिहिलं ही त्याची कृपा. बाकी ओळखीच्या मिस्त्रीकडे जा, घाई करू नका, भाव आधी ठरवा, हे सगळे सांगतात, मीही सांगून टाकतो. कुणी मोबाइलवर व्हिडिओ दाखवायला लागला तर व्हिडिओतली गाडी कुठली, एवढं मात्र विचाराच.

फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. त्यानं निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. भाचा म्हणतो, एवढ्याशा रकमेसाठी कुठे जाता मामा? मी कागद तयार करतो आहे. रक्कम एवढीशी होती म्हणूनच तर त्यानं हिंमत केली.

आणि गाडीला पायरी बसवून घ्या, छताला धरायची मूठ लावून घ्या. बगीच्यात तोडणीला येणारी मंडळी दाराला लोंबकळायची थांबणार नाहीत, नवे बुश असले तरी.