विरल संयोजी ऊती

एका हाताच्या पंजाची मागची त्वचा दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून उचलून पाहा. ती सहज उचलली जाते आणि सोडताच जागेवर बसते. आता तळहाताची त्वचा तशीच उचलण्याचा प्रयत्न करा. ती हालत नाही. तळहातावर त्वचेला घट्ट तंतूंनी आतल्या भागाशी जखडून ठेवलेले असते, तर पंजाच्या पाठीवर त्वचेखाली एक सैल थर असतो. या थरातील ऊतीला विरल संयोजी ऊती असे म्हणतात. स्नायूंच्या मध्ये, रक्तवाहिन्या व चेता यांच्याभोवती, आतड्याच्या व श्वासनलिकेच्या अस्तराखालीही ती आढळते.

‘ऊति’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ विणणे असा आहे. ‘ओतप्रोत’ हा आपल्या परिचयाचा शब्दही त्याच धातूपासून आला. पारिभाषिक शब्द रूक्ष असतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते; हा शब्द तिला अपवाद मानावा, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ही ऊती खरोखरच सैल विणीच्या वस्त्रासारखी दिसते.

या विणीत कोलॅजेनचे जाडसर, ताण सोसणारे तंतू असतात. त्यांच्यासोबत इलॅस्टिनचे बारीक तंतू असतात. ते ताणले जाऊन पुन्हा आखडतात. हे तंतू तयार करणाऱ्या पेशी तेथेच विखुरलेल्या असतात. भक्षक पेशी रोगजंतूंना गिळतात. मास्ट पेशी हिस्टामाइन नावाचा पदार्थ सोडतात. त्यामुळे केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो. डास चावल्यावर उठणारी गांधी अशीच तयार होते.

धाग्यांमधली जागा मोकळी वाटते, पण ती रिकामी नसते. हायलुरॉनिक आम्लासारख्या पदार्थांचे जेलीसारखे आधारद्रव्य तेथे भरलेले असते आणि ते पाणी धरून ठेवते. प्रौढ माणसाच्या शरीरात पेशींच्या मधल्या जागांत एकूण सुमारे १० ते १२ लिटर द्रव असतो. रक्तवाहिनी प्रत्येक पेशीला जाऊन भिडत नाही. प्राणवायू व अन्नद्रव्ये केशवाहिनीतून बाहेर पडून या द्रवातूनच पेशीपर्यंत पोहोचतात. उरलेला द्रव लसीकावाहिन्या परत नेतात. म्हणजे ज्या ऊतीला केवळ भरणा समजले जाते, तिच्यातूनच शरीराची देवघेव चालते. आधारद्रव्य दाट असल्यामुळे रोगजंतूंना मात्र तेथून झपाट्याने पसरता येत नाही.

हा अडसर मोडला तर काय होते, हे सर्पदंशात दिसते. जबलपूरच्या आसपास भातशेती करणाऱ्यांना हा विषय नवा नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. मध्य प्रदेश हे अधिक मृत्यू होणाऱ्या राज्यांपैकी एक होते, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांत झाले.

अनेक सापांच्या विषात हायलुरॉनिडेज हे विकर असते. ते हायलुरॉनिक आम्लाचे तुकडे करते, आधारद्रव्य पातळ होते आणि विषातील इतर घटकांना वाट मोकळी होते. अशा ‘पसरवणाऱ्या घटका’चा शोध १९२८ मध्ये फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स या शास्त्रज्ञाने लावला. गंमत अशी, की डोळ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी बधिर करण्याचे औषध नीट पसरावे म्हणून डॉक्टर याच विकराचा उपयोग करतात.

घोणस किंवा फुरसे चावल्यास विष कोलॅजेनचे तंतूही नष्ट करते आणि अवयव सुजतो. अशा वेळी करकचून दोरी बांधली तर रक्तपुरवठा थांबून त्या भागाची अधिकच हानी होते. जखम कापल्याने किंवा चोखल्यानेही विष निघत नाही, कारण ते ऊतीत मुरलेले असते. स्नायूंच्या हालचालीने लसीका पुढे ढकलली जाते. म्हणून दंश झालेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू देऊ नये आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात त्वरित न्यावे. मण्यार चावल्यास सूज जवळजवळ येत नाही, वेदनाही फारशी होत नाही. तिचे विष चेता व स्नायू यांच्यातील दुवा तोडते आणि काही तासांत श्वास बंद पडू शकतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावली, तर सूज येण्याची वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो.

विचार करा : सुजलेल्या पायावर बोटाने काही क्षण दाबून धरल्यास खळगा पडतो व तो हळूहळू भरून येतो. पाठाच्या आधारे याचे कारण आपल्या शब्दांत लिहा.