शंखातला खेकडा आणि आपले धम्मांतर



भगवान बुद्धांनी उपदेश करताना नांगर, वीणा, तराफा अशा लोकांच्या पाहण्यातल्या वस्तूंचे दाखले दिले. आज आपण कोकणच्या किनाऱ्यावरचा एक साधा दाखला घेऊ.

ओहोटी लागली की खडकांतल्या डबक्यात एखादा लहानसा शंख चालताना दिसतो. उचलून पाहावे तर आत खेकडा! तो शंख त्याचा नव्हे. तो समुद्री गोगलगायीने घडवलेला, ती मेल्यावर रिकामा पडलेला. या खेकड्याचे पुढचे अंग कठीण, पण पोट मऊ. ते झाकण्यासाठी तो परक्या शंखात शिरतो.

पहिला धडा : खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. अपुऱ्या शंखात त्याची वाढ मंदावते. म्हणून तो मोठा शंख शोधतो. जातिव्यवस्थेचे घरही आपण बांधलेले नव्हते. पिढ्यान् पिढ्या आपण त्यात अंग चोरून राहिलो. सवय झाली म्हणून परके घर आपले होत नाही.

दुसरा धडा : नवा शंख दिसला की खेकडा लगेच आत शिरत नाही. पायांनी आणि नांग्यांनी तो आतून-बाहेरून चाचपतो, मगच निर्णय घेतो. प. पू. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आणि पारखण्याची होती. केवळ परंपरा आहे म्हणून काही मानू नका, हे कालामांना सांगणारा धम्मच त्यांनी निवडला. आपणही बावीस प्रतिज्ञा नुसत्या म्हणू नयेत, समजून घ्याव्यात.

तिसरा धडा : जुना शंख सोडून नव्यात शिरताना खेकडा क्षणभर उघडा पडतो. त्याच्या जिवाला सर्वांत मोठा धोका तेव्हाच. आपल्या समाजाचा हा क्षण फार लांबला. मेलेली ढोरे ओढणे सोडले म्हणून गावोगाव बहिष्कार सोसावा लागला. केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळाल्या त्या १९९० साली. तरीही आपले आईबाप मागे फिरले नाहीत. आज नव्याने दीक्षा घेतलेल्या घराला भाऊबंदांनी बोलणे टाकले, तर ते घर एकटे पडू देऊ नये. विहारात त्यांची जागा राखावी, त्यांच्या लग्नाकार्याला, दुःखाला आपण आधी पोहोचावे.

चौथा धडा : काही प्रकारचे खेकडे आपल्या शंखावर समुद्रपुष्प नावाचा दंश करणारा जीव बाळगतात. तो त्यांचे रक्षण करतो. घर बदलताना खेकडा त्याला हलकेच सोडवून नव्या शंखावर नेतो. आपणही काय न्यावे आणि काय टाकावे, हे ठरवले पाहिजे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, हातातली कला, अडल्या-नडल्याला धावण्याची रीत, हे सारे बरोबर न्यावे. देव्हाऱ्यातले टाक, नवस, अंगात येणे, श्राद्ध आणि पोटजात मागे ठेवावी. घरातले म्हातारे माणूस टाक सोडायला कचरत असेल तर त्याची थट्टा करू नये. त्याने ज्या भीतीत जन्म काढला, ती एका दिवसात जात नाही. शेजारी बसून पुन्हा पुन्हा समजावून सांगावे.

इथवर खेकडा आपला गुरू. पुढे मात्र त्याचा दाखला पुरत नाही. शंख बदलला तरी आतला खेकडा तोच राहतो. माणसाचे तसे चालणार नाही. दारावर पंचशील ध्वज, भिंतीवर तथागतांची तसबीर, आणि आत तीच दारू, बायकोवर तोच हात, सोयरीक जुळवताना तीच पोटजातीची चौकशी असेल, तर आपण फक्त शंख बदलला. धम्मदीक्षा हा घर बदलण्याचा नव्हे, माणूस बदलण्याचा विधी आहे.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर घरातल्या सर्वांनी, मुलांनीसुद्धा, पुढील प्रश्नांवर बोलावे :

१. आपल्या घरात जुन्या शंखातले काय अजून उरले आहे?

२. त्यातले जपण्यासारखे काय आणि टाकण्यासारखे काय?

३. दीक्षेनंतर आपल्या वागण्यात कोणता एक बदल शेजाऱ्यालाही दिसला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी घरातल्या बाईने द्यावे, बाकीच्यांनी ते शांतपणे ऐकावे.

जय भीम!