संगणकात गेलेला ग्रंथ वाचकास कसा सापडेल?

मराठी ग्रंथांचा मागोवा घेणाऱ्या प्रत्येक अभ्यासकास कै. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे ऋण मान्य करावे लागते. 1800 ते 1937 आणि 1938 ते 1950 या दोन कालखंडांतील मुद्रित मराठी ग्रंथांच्या नोंदी या सूचीने अभ्यासकांच्या हाती दिल्या. ग्रंथ छापला गेला आणि तो कोठे तरी कपाटात आहे, एवढ्याने तो वाचकास उपलब्ध झाला असे होत नाही. तो आहे हे कळले पाहिजे आणि तो नेमकेपणाने मागता आला पाहिजे. ग्रंथाइतकेच ग्रंथसूचीलाही महत्त्व आहे ते यामुळेच.

हाच प्रश्न आज नव्या रूपाने पुढे आला आहे. गेल्या सुमारे 25 वर्षांत जुन्या ग्रंथांची व कागदपत्रांची पाने यंत्राने टिपून संगणकावर ठेवण्याचे मोठे कार्य देशात झाले. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या उपक्रमात अनेक भारतीय भाषांतील ग्रंथांबरोबर मराठी ग्रंथही टिपले गेले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' हे संकेतस्थळ सुरू केले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली. राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' 2015 पासून अभ्यासकांच्या सेवेत आहे. हे सर्व कार्य स्वागतार्ह आहे. परंतु पाने टिपली म्हणजे काम संपले, असा समज मात्र बरोबर नव्हे.

जुना ग्रंथ एकदा टिपून झाला की त्याची जीर्ण प्रत बहुधा हाताळणीतून काढून घेतली जाते, आणि ते योग्यही आहे. पण संगणकावरील प्रत शोधूनही सापडली नाही, तर तो ग्रंथ दुहेरी बंदिवासात पडतो. वाचनकक्षात तो मिळत नाही आणि संगणकावर दिसत नाही. शिवाय दुसरी संस्था तो कोठेच नाही असे समजून पुन्हा टिपते, आणि तेवढ्या श्रमात व खर्चात जतन होऊ शकला असता असा दुसरा ग्रंथ कपाटात झिजत राहतो. टिपण्याने ग्रंथाचे जतन होते. त्याची उपलब्धता मात्र नोंदीवर अवलंबून असते.

चित्र आणि अक्षर

टिपलेले पान हे संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असते. त्यावर 'शेतकरी' हा शब्द आपणास दिसतो; संगणकास दिसतात ते काळे-पांढरे ठिपके. या ठिपक्यांतून अक्षरे ओळखण्याच्या प्रक्रियेस ओसीआर म्हणजे अक्षरओळख असे म्हणतात. ती झाल्याशिवाय ग्रंथातील मजकुराचा शोध घेता येत नाही. मुद्रित देवनागरीची अक्षरओळख आता बरीच सुधारली आहे. तरीही जोडाक्षरे, तुटलेले खिळे, पसरलेली शाई आणि मागच्या पानावरून उमटलेला मजकूर यांमुळे जुन्या छपाईत चुका राहतात. शिळाछापाच्या पुस्तकांत त्या अधिक असतात. मोडी हस्ताक्षराचे यंत्रवाचन अद्याप मुद्रित देवनागरीइतके भरवशाचे झालेले नाही.

यावर उपाय माणसाच्या डोळ्यांचाच आहे. मराठी विकिस्रोत या प्रकल्पात टिपलेले पान व ओळखलेला मजकूर शेजारी-शेजारी ठेवून स्वयंसेवक मुद्रितशोधन करतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'ट्रोव्ह' या सेवेत जुन्या वृत्तपत्रांचा मजकूर सुधारण्याची सोय सर्व वाचकांना दिली आहे. सर्व ग्रंथांचे शोधन एकदम होणे शक्य नाही. यास्तव प्रथम अनुक्रमणिका व प्रकरणांची शीर्षके तरी हाताने तपासून घ्यावीत. एवढ्यानेही ग्रंथाच्या अंतरंगाची वाट मोकळी होते.

शुद्धलेखन बदलले, ग्रंथ तेच राहिले

मराठी ग्रंथांच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले लेखनविषयक 14 नियम शासनाने 1962 मध्ये स्वीकारले आणि 1972 मध्ये त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. त्यापूर्वीच्या ग्रंथांत 'नाहीं', 'पुस्तकांत', 'भाषेचें' असे अनुस्वार सर्रास आढळतात. 'कवि', 'हरि' असे ऱ्हस्व लेखन आढळते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 1836 मधील व्याकरण शोधणारा आजचा विद्यार्थी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' असे टंकतो. नोंद मात्र जुन्या मुद्रणानुसार 'भाषेचें' अशी असेल, तर एका अनुस्वारासाठी ग्रंथ हुकण्याचा संभव असतो.

म्हणून प्रत्येक नोंदीत शीर्षक दोन प्रकारे द्यावे: एक शीर्षकपृष्ठावर छापले आहे तसे, व दुसरे आजच्या लेखनानुसार. पहिले संशोधकाच्या खातरीसाठी आणि दुसरे सर्वसामान्य वाचकाच्या शोधासाठी. जुने लेखन 'चूक' समजून पुसून टाकणे हा मात्र दोषच ठरेल.

दुसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र किंवा 'ॲ' हे अक्षर संगणकावर एकाहून अधिक प्रकारांनी टंकता येते. पडद्यावर ती रूपे सारखीच दिसतात, परंतु त्यांमागील संकेतांक निरनिराळे असल्याने शोधात ती जुळत नाहीत. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये तयार केलेल्या ग्रंथयाद्या संकेतस्थळावर तशाच चढविल्या, तर त्या अर्थहीन चिन्हांसारख्या दिसतात. अशा याद्या प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून, एकाच अक्षरासाठी एकच पद्धत ठरवून घेणे अगत्याचे आहे.

एक लेखक, अनेक नावे

टोपणनावांची परंपरा मराठीत समृद्ध आहे. राम गणेश गडकरी यांची नाटके त्यांच्या स्वतःच्या नावावर, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने प्रसिद्ध झाले. 'विभावरी शिरूरकर' म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांचे पूर्वीचे नाव बाळूताई खरे. 'लोकहितवादी' हे गोपाळ हरि देशमुख होत. यांपैकी एकच नाव नोंदीत असेल, तर दुसऱ्या नावाने शोधणाऱ्यास तो लेखक अर्धाच भेटतो.

ग्रंथालयशास्त्राने यावर उपाय सांगितला आहे. प्रत्येक लेखकाची एक प्रमाण नोंद करावयाची, तिच्याखाली त्याची सर्व नावे, लेखनभेद, रोमन लिपीतील रूपे तसेच जन्म-मृत्यूची वर्षे द्यावयाची आणि प्रत्येक ग्रंथ त्या एका नोंदीशी जोडावयाचा. मृत्यूच्या वर्षाचा आणखी एक उपयोग आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा स्वामित्वहक्क सामान्यतः त्याच्या निधनाच्या वर्षानंतर 60 वर्षे राहतो. त्यामुळे ग्रंथ सर्वांस खुला करता येईल की नाही, हे त्यावरून ठरविता येते.

स्थलनामांनाही हाच नियम लागू आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव असे नामांतर 2023 मध्ये झाले. अहमदनगरचे अहिल्यानगर 2024 मध्ये झाले. जुन्या ग्रंथावरील प्रकाशनस्थळ बदलता येत नाही. परंतु जुन्या व नव्या नावांची सांगड घातली, तर कोणत्याही नावाने शोधणारा वाचक विन्मुख परतणार नाही.

नोंदीचे एक उदाहरण

बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' 1857 मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ते सामान्यतः ओळखले जाते. त्याची नोंद केवळ 'यमुनापर्यटन, 1857' अशी केली, तर नाव ठाऊक असलेल्यासच ते सापडेल. एखादी विद्यार्थिनी 'एकोणिसाव्या शतकातील विधवांची स्थिती' या विषयाचा शोध घेत असेल, तर तिला हा ग्रंथ प्रवासवर्णनासारखा वाटून नजरेतून सुटेल.

आता याच ग्रंथाची नोंद अशी करून पाहावी. शीर्षक जुन्या व नव्या लेखनात. उपशीर्षक, ज्यात विधवांच्या स्थितीचा उल्लेख आहे, तेही द्यावे. लेखकाचे नाव 'पदमनजी' व 'पद्मनजी' या दोन्ही रूपांत, सोबत 1831 ते 1906 हा जीवनकाल. वर्ष 1857. साहित्यप्रकार कादंबरी. विषय म्हणून विधवा, स्त्रीजीवन, सामाजिक सुधारणा. त्यानंतर भाषा, लिपी, पृष्ठसंख्या, मूळ प्रत असलेली संस्था व हक्कांची स्थिती. शेवटी दोन वाक्यांचा परिचय. एवढे केल्यावर ज्या वाचकास या ग्रंथाचे नावही ठाऊक नाही, त्याच्याही हाती तो पडू शकेल.

अशा वर्णनात्मक नोंदीस आज 'मेटाडेटा' म्हणतात. नाव नवे असले, तरी ते आपल्या परिचयाचे तालिकापत्रच होय. 1995 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन येथे झालेल्या बैठकीतून 'डब्लिन कोअर' ही पद्धती उदयास आली. तिच्यात शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क इत्यादी 15 घटक आहेत. लहान ग्रंथालयासही ती झेपण्यासारखी आहे.

दप्तरातील कागद

अभिलेखांचे स्वरूप ग्रंथांहून वेगळे असते. कागदाला शीर्षकपृष्ठ नसते. तो कोणत्या दप्तरातील, कोणत्या रुमालातील, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. म्हणून सुटा कागद टिपताना विभाग, दप्तर, रुमाल आणि कागद ही साखळी नोंदीत अखंड राहिली पाहिजे.

कालगणनेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. शके 1779 या वर्षात सामान्यतः 78 मिळविल्यास 1857 हे इसवी सन येते. जानेवारीपासून पुढील गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी 79 मिळवावे लागतात. पेशवेकालीन पत्रांत अरबी शुहूर सन असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1161. हे वर्ष 1760 च्या मृगापासून 1761 च्या मृगापर्यंत चालते, आणि 14 जानेवारी 1761 चा पानिपतचा संग्राम त्यातच मोडतो. नोंदीत केवळ मूळ सन असेल, तर '1761' असे टंकणाऱ्यास ते पत्र मिळणार नाही. मूळ कालनिर्देश जसाच्या तसा ठेवून त्याशेजारी इसवी सन द्यावा. महिना निश्चित होत नसेल, तर '1760-61' असा पल्ला द्यावा. येथे मोडी वाचणाऱ्या जाणकारांची जागा कोणतेही यंत्र आज घेऊ शकत नाही.

शोधयंत्राची वाट

बहुसंख्य वाचक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आधी जात नाहीत. ते शोधयंत्रास विचारतात. शोधयंत्र एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात माहिती गोळा करते. चौकटीत शब्द टंकल्याशिवाय जे पान उघडतच नाही, तेथपर्यंत ते बहुधा पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक ग्रंथास स्वतंत्र पान असावे आणि विषय, लेखक व वर्ष यांच्या याद्यांतून त्या पानाकडे जाणारे दुवे असावेत. सर्व पानांची यंत्रास वाचता येणारी यादी, म्हणजे 'साइटमॅप', संकेतस्थळावर ठेवावी. पानाचे शीर्षक 'स्कॅन 0047' असे नसून ग्रंथाचे व लेखकाचे नाव सांगणारे असावे.

पानाचा पत्ता एकदा दिला की तो बदलू नये. संकेतस्थळ नव्याने बांधताना जुने पत्ते मोडले, तर प्रबंधांत व लेखांत दिलेले दुवे निकामी होतात. पत्ता बदलणे अपरिहार्यच असेल, तर जुना पत्ता वाचकास आपोआप नव्या ठिकाणी नेईल अशी व्यवस्था करावी.

मराठीचा वारसा एका शहरात साठलेला नाही. मुंबई, पुणे येथील संस्थांप्रमाणेच तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आहेत, आणि गोव्यातील व परदेशांतील ग्रंथालयांतही मराठी ग्रंथ आहेत. प्रत्येक संस्थेच्या नोंदी समान पद्धतीच्या असतील, तरच त्या एकत्र आणून एका ठिकाणी शोधता येतात. आयआयटी खरगपूर येथे उभारलेले व 2018 मध्ये राष्ट्रास अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय याच तत्त्वावर चालते. ग्रंथ ज्या-त्या संस्थेकडेच राहतो. नोंद मात्र सर्वांच्या उपयोगी पडते.

आरंभ कोठून करावा?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 मुळे राज्यात ग्रंथालयांचे जाळे गावोगावी उभे राहिले. यांतील ज्या ग्रंथालयांनी आपले दुर्मिळ ग्रंथ टिपून घेतले आहेत, त्यांना मोठ्या खर्चाशिवाय एक कसोटी घेता येईल. आपल्या संग्रहातील 20 ग्रंथ निवडावेत. त्यांची नावे न सांगता केवळ विषय सांगून ते भ्रमणध्वनीवर शोधण्यास काही वाचकांना सांगावे. त्यांनी कोणते शब्द टंकले ते लिहून ठेवावे. जे ग्रंथ सापडले नाहीत, त्यांच्या नोंदींत हेच शब्द नाहीत असे बहुधा आढळून येईल. ते शब्द नोंदींत घालावेत आणि काही आठवड्यांनी पुन्हा तीच कसोटी घ्यावी.

हे काम संगणक-तंत्रज्ञावर सर्वस्वी सोपवून चालणार नाही. वाचक कोणत्या शब्दांनी ग्रंथ मागतो, हे देवघेवीच्या खिडकीत बसणाऱ्या ग्रंथपालास जितके ठाऊक असते, तितके दुसऱ्या कोणासही नसते. कोणता लेखक कोणत्या टोपणनावाने लिहीत असे, गावाचे जुने नाव काय होते, हे सांगणारी जाणती माणसे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांचे ज्ञान नोंदींत उतरणे हीच आजची निकड आहे. टिपलेले पान वर्षानुवर्षे टिकेल. ते ओळखणारी माणसे तोवर राहतीलच असे नाही.