तात्यांच्या वहीतली लक्ष्मी

सातारा,
गुरुवार, रात्री

चि. सायलीस,


फोन करणार होते. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ‘हो आत्या, हो आत्या’ करून मोकळी होतेस. म्हणून पत्र.

परवा मंगलाकाकूंच्या नातवाची मुंज झाली. पंगतीत काकू नेमक्या माझ्याच शेजारी. जिलबी मोडता मोडता म्हणाल्या, “तुमची सायली जुन्या वह्यांतली चित्रं सोडवून विकते म्हणे!” घास घशातच अडकला. त्यांच्या मुलानं मोबाइल पुढे केला. कापडाच्या ताग्यावरचं जुनं लेबल विकायला ठेवलेलं होतं: कमळात उभी लक्ष्मी, दोन बाजूंना हत्ती, भोवती सोनेरी कड आणि खाली ‘३८ वार’. किंमत तीन हजार रुपये. कोण विकतंय ते कळत नव्हतं, नुसतेच आकडे आणि इंग्रजी अक्षरं.

मी हसून म्हटलं, असली लेबलं हजारोंनी छापली जायची, हे आमचं कशावरून? पण मठ्ठ्याची वाटी हातातून सांडली ती सांडलीच.

सायली, ती तात्यांच्या वहीतली आहे का? तेवढं आधी सांग. वहीतल्या लक्ष्मीच्या डाव्या कोपऱ्यात, हत्तीच्या पायाशी कुंकवाचं बोट उमटलेलं आहे. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, लक्ष्मीपूजनाला खतावण्यांबरोबर ती वहीही पाटावर मांडायची. मोबाइलवर तो कोपरा अंधारात होता. चष्मा बदलून दोनदा पाहिलं.

दिवाळीत तू वही मागितलीस तेव्हा दादा नको म्हणत होता, आठवतं ना? मीच म्हटलं, नेऊ दे, घरात तिलाच त्याची किंमत आहे. आता तोच शब्द घशाशी येतोय.

तुझ्या नादाला मी कधी नावं ठेवलेली नाहीत. वहिनी म्हणते, पोरगी रविवारी जुन्या बाजारात जाते आणि काडेपेट्यांचे कागद घेऊन येते, हिचं लग्न कसं व्हायचं. मी तिला इंग्लंडातल्या त्या सारा सोफिया बँक्सची गोष्ट सांगितली. जोसेफ बँक्स हा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ, त्याची ही बहीण. दुकानदारांची कार्डं, भेटीच्या चिठ्ठ्या, खेळांची तिकिटं, जे जे लोक टाकून देतात ते ती जपून ठेवायची. झग्याला ही मोठमोठी पुस्तकं मावतील असे खिसे, लोक हसायचे. १८१८ साली ती गेली आणि तिचे एकोणीस हजारांवर कागद ब्रिटिश म्युझियममध्ये पोचले. वहिनी म्हणाली, तिचं तरी लग्न झालं होतं का? नव्हतं झालं. मी विषय बदलला.

तेव्हा जमव, खुशाल जमव. पण वहीतून सोडवू नकोस.

तुला वाटत असेल, म्हातारी एका चिठोऱ्यासाठी जीव टाकतेय. तुझ्या पणजोबांची, तात्यांची गोष्ट तू ऐकलीस ती दादाच्या तोंडून, आणि दादा सगळं दोन वाक्यांत उरकतो. १९३० साली कायदेभंगाच्या दिवसांत गावोगाव परदेशी कापडाच्या होळ्या झाल्या. तात्यांच्या दुकानात मँचेस्टरचा माल होता, तो त्यांनी आपण होऊन चौकात नेऊन टाकला. दादा सांगतो ते इथपर्यंतच. आदल्या रात्रीचं तो सांगत नाही. त्या रात्री तात्या कंदील घेऊन दुकानात बसले. एकेका ताग्यावरचं लेबल ओल्या फडक्यानं सोडवलं, खळ लावून जुन्या चोपडीत चिकटवलं आणि खाली बोरूनं मोडीत लिहिलं, किती वार, काय भावानं घेतला, कोणाचं देणं बाकी. आजीनं विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, कापड जाळीन, लक्ष्मी कशी जाळू?

ते देणं फिटायला अकरा वर्षं लागली. तुझ्या पणजीच्या पाटल्या त्यातच गेल्या.

आता बघ. लेबल सोडवायला तू पाण्याचा हात लावणार. चकचकीत रंगाला कदाचित काही व्हायचं नाही, पण खालची बोरूची शाई म्हणजे काजळ आणि डिंक. ओल लागली की पाच मिनिटांत सगळं काळं पाणी. लक्ष्मी सुटेल आणि ‘बाकी’ वाहून जाईल. घेणाऱ्याला ते मोडीतलं गचाळ लिखाण नकोच असतं, त्याला भिंतीवर लावायला चित्र हवं. पण तसली लक्ष्मी दुसऱ्या कुणाच्या माळ्यावरही सापडेल. तात्यांची ती रात्र कुठे सापडायची?

जुन्या बाजारातल्या लोकांचंही ऐकू नकोस. त्यांच्याकडे हातात कमळ असलेली प्रत्येक बाई रविवर्म्याची. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली गिरगावात निघाला, पुढे मळवलीला गेला, जर्मन श्लायशरनं विकत घेतला आणि १९७२ साली आगीत गेला. एवढं पाठ करून ठेवलं की पुष्कळ थापा आपोआप गळतात. मँचेस्टरच्या ताग्यांवरची लेबलं बहुतेक तिकडेच छापलेली. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकानं चित्र बघून माल मागावा म्हणून त्यांवर आपले देव. छापणाऱ्याला देवनागरीचं ओ की ठो कळत नसे. आपल्या वहीतल्या वाघाखालची वेलांटी उलटी आहे, लहानपणी मी त्यावरून पोट धरून हसायचे.

आणि भिंग वापर. दगडावरून छापलेल्या चित्रात गालाची सावली बारीक टिपक्यांची असते. ते टिपके कारागिरानं हातानं घातलेले, म्हणून कुठे दाट, कुठे विरळ. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एखादा केसभर सरकला की ओठांची लाली हनुवटीवर येते. हल्लीच्या नकलेत ठिपके कवायतीला उभे केल्यासारखे रांगेत दिसतात, मग तिला चहाच्या पाण्यात कितीही बुडवा. सोनेरी कड म्हणजे पितळेची पूड, ती जुनी झाली की काळपट हिरवी पडते. कड नव्यासारखी झळकत असेल तर पाकीट बाहेर काढू नकोस. त्या मोबाइलवरच्या लक्ष्मीची कड काळपट होती. म्हणूनच झोप उडाली माझी.

हे सगळं लिहिताना वाटतंय, मी कुठल्या तोंडानं सांगतेय.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, दादालाही नाही. १९७१ साल, मी एकोणीस वर्षांची. आमच्या वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते. त्यातल्या एकात केशतेलाची पानभर जाहिरात: खिडकीत बसलेली बाई, पाठमोरी, केस थेट जमिनीपर्यंत. माझे केस तेव्हा टायफॉइडनं गेलेले. आठवडाभर रोज जाऊन ते पान बघायचे. मग एका दुपारी बाबांच्या दाढीच्या पेटीतलं ब्लेड रुमालात गुंडाळून नेलं. ग्रंथपाल पंख्याखाली डुलक्या घेत होते. पान कापताना झालेला तो बारीकसा ‘सर्र’ आवाज मला अजून ऐकू येतो.

घरी येऊन उलटून बघितलं तर मागच्या बाजूला एका क्रमशः गोष्टीचं शेवटचं पान. विहिरीच्या काठावर उभी असलेली एक मुलगी, तिचं पुढे काय झालं ते त्या पानावर. म्हणजे ते फक्त मला माहीत, आणि तो खंड उघडणाऱ्या कुणालाच नाही. पुढे वाचनालयात कुणाच्या हातात तसला जाड खंड दिसला की मी उठून बाहेर जायची. लग्नानंतर एकदा पान पिशवीत घालून पायऱ्यांपर्यंत गेले होते. आत नवे ग्रंथपाल होते. जुने खंड रद्दीत गेले, असं चपलांपाशी बसणाऱ्या माणसानं सांगितलं. मी पान घेऊन परत आले.

ते माझ्या बिस्किटाच्या डब्यात आहे, बाजूला वेखंडाचा तुकडा. कडा इतक्या ठिसूळ झाल्यात की हात लावला की भुकटी पडते. ती बाई अजून पाठमोरीच आहे. काय मिळवलं मी?

मंगलाकाकूंच्या तोंडून तुझं नाव ऐकलं तेव्हा राग तुझा आला, की त्या ब्लेडचा, मला नीटसं सांगता येत नाही.

बरं, समजा तू सोडवलंस. पैशांची अडचण असेल. पुण्यातलं खोलीभाडं, आणि त्या नोकरीत पगार दोन-दोन महिने थकतो म्हणे, हे मला दादाकडून कळलं, तुझ्याकडून नाही. अगं, मला सांगायचंस. माझं पेन्शन मी एकटी खाऊन संपवते की काय? तीन हजारांसाठी तात्यांच्या दारात जायची गरज नव्हती. तुझी आत्या अजून आहे.

आणि सोडवलं नसशील तर हे सगळं तुला ऐकून घ्यावं लागलं म्हणून तुझी माफी मागते. मंगलाकाकूंची जीभ कशी आहे ते मला ठाऊक असायला हवं होतं.

पाऊस तोंडावर आलाय. तुझ्या त्या तळमजल्याच्या खोलीत भिंतीला ओल येते. वही भिंतीला टेकवून ठेवू नकोस, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून तर मुळीच नको, आतल्या आत बुरशी धरेल. सुती कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेव. आणि लॅमिनेशन करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या दुकानाकडे बघूही नकोस.

श्रावणात माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काही काळजी नको. तरी त्याआधी एकदा ये. वही घेऊन ये. मोडी मला तात्यांनीच शिकवली, त्यांच्या मांडीवर बसवून, पण ती सगळी पानं मी कधी सलग वाचली नाहीत. राहून गेलं. मी वाचीन, तू लिहून घे. सुटं झालं असेल तर सुटं घेऊन ये, आपण गव्हाच्या पिठाची खळ करू. वेडंवाकडं बसलं तरी चालेल, तात्यांनीही काही सरळ चिकटवलेली नाहीत.

केशतेलाचं पानही तुला दाखवीन. गोष्टीतल्या त्या मुलीचं काय झालं ते वाचायला तुला अर्धा तास लागेल. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

येताना भिंग आण, माझ्या भिंगाची मूठ तुटलीय. आणि जिलबी नको. पुरे झाली.

तुझी,
आत्या