घाऊक कामात सूट द्या, पण ती कुठून द्यायची ते आधी ठरवा

खामगावात भांड्यांवर, चांदीच्या वस्तूंवर आणि सन्मानचिन्हांवर नावं कोरून देण्याचं माझं दुकान आहे. हे गाव वजनाच्या व्यवहाराचं. कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून इंग्रजांच्या काळात, 1870 मध्ये, जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला. पुढे चांदीने गावाला ‘रजतनगरी’ हे नाव मिळवून दिलं. कापूस आणि सोयाबीन क्विंटलवर, चांदी ग्रॅमवर. कोरणाऱ्याच्या कामाला मात्र वजन नाही. त्याच्याकडे विकायला असतो तो फक्त वेळ, आणि वेळेचा भाव बाजारात कुठल्याही फळ्यावर लिहिलेला नसतो. किरकोळ कामात हे खपून जातं. मोठी ऑर्डर आली की इथेच नुकसान होतं.

आमच्याकडे मोठी कामं ठरावीक दिवसांत येतात. संक्रांतीच्या वाणाची भांडी, 12 जानेवारीला सिंदखेडराजाच्या जिजाऊ जयंतीची सन्मानचिन्हं, लगेच 26 जानेवारी आणि शाळांची स्नेहसंमेलनं, मग लग्नसराई. शेगावला गजानन महाराजांचा प्रकट दिन आला की भेटवस्तूंची कामं वाढतात. अधिक महिन्यात जावयाला द्यायच्या वाणावर नाव घालून घेणारे असतात. म्हणजे मोठी ऑर्डर येते तेव्हा किरकोळ गिऱ्हाईकही दारात असतं. ही गोष्ट दर ठरवताना बहुतेक जण धरतच नाहीत.

मला हा हिशेब शिकवला एका संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कामाने. तांब्याचे पेले, हजाराच्या घरात. प्रत्येकावर संस्थेचं बोधचिन्ह आणि सभासदाचं नाव. “भाऊ, एवढं काम एकाच जागी देतोय, किरकोळच्या निम्मा भाव लावा,” असं त्यांचं म्हणणं होतं. बाजाराची रीतही तशीच होती. हाताने नाव टाकायच्या काळापासून आमच्यात अक्षरामागे किंवा नगामागे पैसे घ्यायची पद्धत आहे, आणि माल जास्त असला की दर निम्म्यावर आणायचा हा शिरस्ता. काम त्याच रितीने ठरलं.

नावांची यादी उशिरा आली आणि जुन्या फॉन्टमध्ये आली. ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटली, ‘ऱ्या’ आणि ‘र्क’ जागचे हलले. प्रत्येक नाव पुन्हा वाचावं लागलं. पेल्यांवर चकाकीसाठी लाखेसारखा पारदर्शक थर दिलेला होता. लेझर लागली की तो पिवळा पडायचा, म्हणून प्रत्येक पेला आधी पुसून घ्यावा लागला. पेले गोल, त्यामुळे फिरत्या चकवर एका वेळी एकच बसायचा. समारंभ जवळ आला तसं रात्री काम चाललं आणि लग्नाच्या भांड्यांची गिऱ्हाइकं परत गेली. काम वेळेवर पोचलं, संस्थेने कौतुकही केलं. पैसे मात्र लोक ऑर्डर विसरून गेल्यावर आले. हिशेब मांडला तेव्हा दिसलं की त्या दिवसांत फक्त किरकोळ काम केलं असतं तर दुकानाला जास्त मिळालं असतं.

नगाची संख्या वाढली म्हणून नगाला लागणारा वेळ कमी होत नाही. हे वाक्य मी तेव्हापासून कधी विसरलो नाही, आणि या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला तेच आधी सांगतो.

तयारी वेगळी, नग वेगळा

कुठल्याही कामाचे दोन भाग असतात. पहिला तयारीचा: बोधचिन्ह रेखून घेणं, मजकूर बसवणं, साचा बनवणं, नमुना काढून मंजुरी घेणं. हा वेळ एकदाच लागतो. दुसरा नगाचा: वस्तू बसवणं, रेषेत आणणं, कोरणं, पुसणं, तपासणं, परत कागदात गुंडाळणं. हा वेळ प्रत्येक नगाला लागतो.

समजा तयारीला 4 तास लागले आणि नगाला 3 मिनिटं. 10 नगांचं काम असेल तर तयारीचा वाटा नगामागे 24 मिनिटं पडतो, एकूण 27. 100 नगांना तो 2.4 मिनिटांवर येतो, एकूण 5.4. 1,000 नगांना साधारण 14 सेकंद, एकूण 3.24 मिनिटं. 5,000 नगांना जेमतेम 3 सेकंद. म्हणजे 10 वरून 100 वर जाताना खरोखर मोठी बचत आहे आणि ती गिऱ्हाइकाला जरूर द्यावी. पण 1,000 वरून 5,000 वर गेल्यावर नगामागे फक्त अकराएक सेकंद वाचतात. “पाचपट काम आहे, अजून कमी करा” या मागणीला यापलीकडे काही आधार नाही. त्याच्या खाली दर नेला, तर सूट तुमच्या आणि तुमच्या मदतनिसाच्या मजुरीतून जाते.

चांदीच्या दुकानात हे शहाणपण पूर्वीपासून आहे. तिथे धातूचा भाव आणि घडणावळ बिलावर वेगवेगळी लिहितात. आपणही तयारी आणि नगाची मजुरी अशा दोन ओळी दरपत्रकात लिहिल्या, तर गिऱ्हाइकाला काय कमी होतं आणि काय होत नाही ते डोळ्यांनी दिसतं. वाद तिथेच अर्धा मिटतो.

तासाचा भाव काढा

दुकानाचं भाडं, वीजबिल, मशीनचा हप्ता आणि घसारा, मदतनिसाचा पगार आणि स्वतःचा पगार, सगळं महिन्याचं जोडा. स्वतःचा पगार धरायला लाजू नका. आता महिन्यात मशीन खरोखर किती तास कमावतं ते बघा. दुकान दहा तास उघडं असलं तरी फोन, गिऱ्हाईक, वीज जाणं-येणं यांत बराच वेळ जातो. समजा खर्च 60,000 रुपये आणि कमाईचे तास रोज 6 प्रमाणे 25 दिवसांत 150. तासाचा भाव झाला 400 रुपये. 3.24 मिनिटांचे होतात 21 रुपये 60 पैसे. बिघाड आणि पुन्हा करावं लागणारं काम यांसाठी 5 टक्के, त्यावर नफा 20 टक्के धरला की दर सुमारे 27 रुपयांवर येतो. हाच नग कोणी 15 रुपयांत मागत असेल, तर 1,000 नगांवर नफा दूरच, 6,600 रुपये पदरचे जातात. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, रीत बदलणार नाही.

नगाचा वेळ अंदाजाने धरू नका. एक नग सगळ्यांनाच पटकन होतो. प्रत्यक्ष मालातले दहा नग सलग करा, मोबाइलवर वेळ लावा आणि दहाने भागा. धातूप्रमाणे फरक मोठा पडतो. धातूसाठी वापरतात त्या फायबर लेझरचा 1,064 नॅनोमीटरचा किरण चांदी आणि तांबं बराचसा परतवून लावतात. स्टीलवर एका फेरीत उठणारं नाव तिथे जास्त फेऱ्या मागतं. लाकूड आणि अ‍ॅक्रिलिकला सीओटू लेझर लागते, तिचा वेळ वेगळा. स्टीलच्या वेळावर चांदीचा दर काढला तर तोटा ठरलेलाच.

वेळ खरोखर कमी करता येतो, आणि तिथे मेहनत घ्यावी. चपट्या वस्तूंसाठी खाचांची पाटी करून एका वेळी बारा नग बसवता येतात. एक पाटी मशीनखाली असताना मदतनीस दुसरी भरतो. बोधचिन्हाचा भरीव भाग रेषांमध्ये केला की कोरण्याचा वेळ बराच वाचतो. गिऱ्हाइकाला विचारा: “काका, चिन्ह भरीवऐवजी रेषेचं चालेल का? नगामागे इतके रुपये कमी होतील.” अशी सूट दिली तर दोघांचंही भलं होतं.

माल कोणाचा, जोखीम कोणाची

गिऱ्हाईक माल देणार असेल तर शेकडा दोन-तीन नग जादा मागून घ्या. चांदी असेल तर आल्यावर आणि देताना दोघांसमोर वजन करून पावतीवर लिहा. हिऱ्याच्या टोकाने ओढलेली रेषा धातू बाजूला सारते, पण खोल कोरताना थोडा धातू निघून जातो. हे आधी सांगितलं नाही, तर ग्रॅमच्या गावात काही मिलिग्रॅमसाठीही शंका येते.

माल तुम्ही आणणार असाल तर धातूचा भाव दरपत्रकात वेगळा ठेवा आणि तो किती तारखेपर्यंत धरायचा ते लिहा. 2025 या एका वर्षात चांदीचा किलोचा भाव दुपटीहून वर गेला, दोन लाखांचा टप्पा ओलांडला. अशा बाजारात महिनाभरापूर्वीचा एकत्र दर पाळायचा म्हणजे दुकान गहाण टाकणं. मालाची पूर्ण रक्कम आधी घ्या. आपलं भांडवल दुसऱ्याच्या समारंभात अडकवू नका.

नावांची यादी टाइप करूनच घ्या आणि छापून त्यावर सही घ्या. मराठी मजकूर आधी कोरलड्रॉमध्ये बसवून त्याचे कर्व्ह करा, मग मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. म्हणजे जोडाक्षरं शाबूत राहतात. सही झाल्यावर बदलणाऱ्या प्रत्येक नावाचा वेगळा आकार दरपत्रकात असू द्या. यादी उशिरा आली तर माल द्यायची तारीखही तितकीच पुढे जाईल, हेही लिहून ठेवा.

पैसे वेळेवर येण्यासाठी

काम हातात घेताना निम्मा इसार, निम्मा माल तयार झाला की पुढचा हप्ता, आणि उरलेले पैसे माल उचलताना. मोठ्या संस्थांना आणि कंपन्यांना हे जमत नाही. तिथे कायद्याचा आधार घ्या. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार क्रमांकावर ऑनलाइन होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरली नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. शिवाय अशी थकबाकी ठेवणाऱ्या व्यावसायिकाला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापली की पुष्कळ हिशेबनीस आपणहून लक्ष देतात.

जीएसटी दराच्या आत धरू नका, वेगळा लिहा. सेवेसाठी वर्षाच्या 20 लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी लागते. एक-दोन मोठी कामं लहान दुकानाला त्या रेषेजवळ नेऊ शकतात, म्हणून वर्षाची बेरीज दर महिन्याला बघत राहा.

नाही म्हणण्याचा हक्क

हंगामात मोठं काम घेताना मशीनचे अर्धे तास किरकोळीसाठी राखून ठेवा आणि उरलेल्या तासांत मोठं काम किती दिवसांत बसतं ते मोजा. 1,000 नग, 3 मिनिटांप्रमाणे, म्हणजे 50 तास. रोज 6 तास पूर्ण दिले तरी आठ दिवसांवर जातात, निम्मे दिले तर सतरा. तारीख त्याहून अलीकडची असेल तर रात्रपाळीचा दर वेगळा सांगा, किंवा काम वाटून घ्या. शेजारच्या गावातल्या कारागिराला निम्मे नग देण्यात कमीपणा नाही. एकमेकांचे भाव पाडून आपण सगळेच आपली मजुरी स्वस्त करतो, आणि ज्या मुलांनी कर्ज काढून मशीन घेतलं आहे, ती पहिल्या दोन हंगामांतच मोडून पडतात.

म्हणून पुढच्या वेळी कोणी मोठं काम घेऊन आलं, तर तिथल्या तिथे आकडा बोलू नका. चहा द्या, नमुन्याचे नग ठेवून घ्या, दुसऱ्या दिवशी लेखी दरपत्रक द्या. त्यात तयारी, नगाची मजुरी, धातू, जादा बदल, पैसे देण्याच्या तारखा, सगळं वेगळं असू द्या. यातून काम गेलं, तर ते तोट्याचं गेलं. आणि आलं, तर ते करताना तुम्ही मन लावून कोराल, कारण प्रत्येक नगामागे तुमची मजुरी धरलेली असेल.