तक्रारीमागे नव्हे, गल्लीमागून गल्ली

तक्रार आली की गाडी धाडायची, चार कुत्री उचलायची, तक्रार निकाली. बऱ्याच नगरपरिषदांत भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त म्हणजे एवढंच. उचललेली कुत्री गावाबाहेर सोडली, तर मोकळ्या झालेल्या जागेत शेजारची शिरतात. मागे राहिलेल्या माद्या दोनेक महिन्यांत व्यायच्या त्या वितातच.

आधी मोजणी करा. पहाटे, घंटागाडी फिरायच्या आत, ठरलेल्या रस्त्याने लागोपाठ दोन दिवस. नर, माद्या, दूध पाजणाऱ्या माद्या आणि कानाला खाच असलेली, म्हणजे निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया झालेली, वेगवेगळी लिहा. सोबत सफाई कामगार घ्या. कुठलं कुत्रं कुठे झोपतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

मग एकच प्रभाग निवडा आणि तिथली दहापैकी किमान सात कुत्र्यांचं निर्बीजीकरण व लसीकरण होईपर्यंत तो सोडू नका. गावभर विखरून केलेल्या दोनशे शस्त्रक्रिया कुठेच दिसत नाहीत. रेबीजच्या लसीकरणालाही सत्तर टक्क्यांचाच निकष आहे. गोव्यात 2014 पासून दरवर्षी असं पद्धतशीर लसीकरण झालं आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं.

खरी मेख कंत्राटात असते. प्राणी जन्म नियंत्रणाच्या 2023 च्या नियमांनुसार शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता लागते. कागद स्वतः तपासा. कुत्रं हाताने किंवा जाळीने धरायचं, चिमट्याने नाही. पकडल्या क्षणी बिल्ला आणि जागेची नोंद, कारण जखम भरल्यावर ते तिथेच सोडायचं असतं. सहा महिन्यांखालची पिल्लं धरायची नाहीत. काढलेले अवयव देखरेख समितीने मोजल्याशिवाय बिल मंजूर करू नका. ही अट ऐकून जो ठेकेदार कुरकुरतो, त्याला काम न दिलेलंच बरं.

शाळा, रुग्णालयं, एसटी स्थानकं यांच्या आवारातली कुत्री मात्र परत तिथे सोडता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाच्या 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाप्रमाणे ती निवाऱ्यात ठेवायची. तिथलं खाणं आणि डॉक्टर रोजचा खर्च आहे. तो अंदाजपत्रकात वेगळा दाखवा, नाहीतर शस्त्रक्रियांचे पैसे तिकडे वळतील.

कुत्र्यांच्या खाण्याचाही बंदोबस्त हवा. चिकन सेंटरांचा कचरा रोज रात्री बंद पिंपातून उचला. खाऊ घालणाऱ्यांना खेळाच्या मैदानापासून आणि जिन्यापासून दूर, जागा आणि वेळ ठरवून द्या.

वर्षभराने त्याच रस्त्याने पुन्हा मोजा. ज्या गल्लीत दूध पाजणारी मादी दिसेल, पुढची फेरी तिथून.