पांढऱ्या जमिनीचे कोडे

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात बारामती व इंदापूर हे तालुके आहेत. येथे पाऊस थोडा, आणि तोही बेभरवशाचा. १८७६ साली दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पुढे निरा नदीचा डावा कालवा तयार झाला व १८८५ च्या सुमारास पाटाचे पाणी शेतांत खेळू लागले. जेथे बाजरी जेमतेम येई, तेथे ऊस डोलू लागला. पाणी आले की जमिनीचे सोने होते, हे सर्वांस सिद्ध झालेले सत्य वाटले.

परंतु काही वर्षांनी विपरीत घडले. सखल भागातील शेते चिबड झाली. उन्हाळ्यात त्यांवर पांढरा थर दिसू लागला. पिके पिवळी पडली. काही ठिकाणी बीही उगवेना.

हा क्षार कालव्याच्या पाण्यातूनच येत असावा, असे कोणासही वाटेल. पण तेच पाणी पिणारी उंचावरची, निचऱ्याची शेते चांगली कशी राहिली? या एका प्रश्नापुढे तो तर्क टिकत नाही.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी निरा खोऱ्यातील या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला. अशा जमिनींत क्षार मुळातच असतात. पाणी अतोनात दिले आणि त्यास वाट नसली, म्हणजे भूजल वर चढते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे, तसे ते क्षारांसह मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पृष्ठभागी येते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून चर खणून निचरा करणे व पाणी बेताने देणे, हाच त्यावर उपाय होय.

पाणी जमिनीस तारते, ही जुनी समजूत खोटी नव्हती. ती अपुरी होती. शास्त्रातील सिद्धान्तही असेच अनुभवाच्या कसोटीवर पुनःपुन्हा घासून पाहावे लागतात. मात्र नुसती शंका पुरेशी नसते. तिच्यामागे निरीक्षणाचे कष्ट हवेत.

२००९ साली बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे दुष्काळ, क्षार इत्यादी संकटांचा पिकांवरील परिणाम अभ्यासणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. प्रश्न विचारणे अजून संपलेले नाही.

स्वाध्याय
१. उंचावरील शेते चांगली का राहिली?
२. ‘खोटी’ व ‘अपुरी’ समजूत यांतील भेद सांगा.